दुखत नव्हतं, तरी हॅमस्ट्रिंग पुन्हा का गेला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही फुटबॉल खेळता, विंगवर. चेंडूमागे जोरात धावताना मांडीच्या मागे, म्हणजे हॅमस्ट्रिंगमध्ये, ‘टक्’ झालं आणि पाय धरून खाली बसलात. दोन आठवडे विश्रांती घेतली, त्यात मशीन आणि शेकाच्या दहा सिटिंग झाल्या. दुखणं थांबलं, हलकं जॉगिंगही जमलं. मग सामना खेळलात आणि पहिल्या हाफमध्येच त्याच जागी पुन्हा गेलं. या मोसमात हे तिसऱ्यांदा. आता तुम्ही विचारताय की आणखी किती सिटिंग घ्यायच्या, एमआरआय काढावा का, आणि कुणीतरी सुचवलेलं पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन घ्यावं का.

मला वाटतं, या तिन्ही प्रश्नांच्या पोटात एकच प्रश्न आहे: चालताना दुखत नाही, जॉगिंग करताना दुखत नाही, मग सामन्यात स्नायू जातोच कसा?

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. तुम्हाला तपासल्याशिवाय ‘इतक्या आठवड्यांत मैदानावर’ असा आकडा मी देणार नाही, आणि कुणी न तपासता देत असेल तर जरा जपून. वय किती, दुखापत मांसल भागात आहे की कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत), आधी किती वेळा झाली, कोणत्या जागेवर खेळता, यावर बरंच अवलंबून असतं. गोलकीपर आणि विंगर यांचा हॅमस्ट्रिंग अगदी सारखा फाटला तरी दोघं एकाच दिवशी परतत नाहीत. पण तीच जागा, तोच क्रम आणि तिसरी वेळ म्हटल्यावर काही गोष्टी बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतात.

हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागच्या तीन स्नायूंचा गट. बसताना ज्या हाडावर आपण टेकतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली दोन्ही बाजूंना जाऊन चिकटतात. जोरात धावताना सगळ्यात जास्त वेळा जातो तो बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फेमोरिस. तो कधी जातो तेही बऱ्यापैकी माहीत आहे. पाय पुढे फेकलेला असतो, गुडघा सरळ होत असतो आणि पाऊल जमिनीला टेकायला निमिषभर अवकाश असतो. त्या वेळी हा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच पुढे जाणाऱ्या नडगीला ब्रेक लावत असतो. या प्रकारच्या कामाला आम्ही फिजिओथेरपिस्ट इसेंट्रिक म्हणतो. जॉगिंगमध्ये हा ब्रेक फार हलका लागतो. तुमच्या सर्वोच्च वेगाच्या ८० टक्क्यांपलीकडे गेलात की मात्र स्नायूवरचं काम झपाट्याने चढत जातं. म्हणजे वेग थोडाच वाढतो, पण ताण कितीतरी जास्त.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. जॉगिंग जमतं यावरून स्नायूला जॉगिंग झेपतं एवढंच कळतं. तुमच्या वर्णनात जॉगिंग आणि सामना यांच्या मध्ये काहीच नाही. दुखापतीनंतरची तुमची पहिली पूर्ण वेगाची धाव थेट सामन्यात झाली, तीही चेंडूवर नजर ठेवून, शेजारी बचावपटू असताना.

उरलेलं निम्मं उत्तर स्नायू भरून कसा येतो यात आहे. पहिले काही दिवस सूज असते आणि फाटलेले तंतू साफ होतात. मग स्नायूतल्या सॅटेलाइट नावाच्या राखीव पेशींपासून नवे तंतू तयार व्हायला लागतात, आणि बरोबरीने मधल्या फटीत व्रणाची ऊती भरली जाते. त्यानंतर ही नवी ऊती पक्की होण्याचं, तिचे धागे ताणाच्या दिशेने लागण्याचं काम कित्येक आठवडे, कधी महिने चालतं. दुखणं मात्र बरंच आधी थांबतं. शिवाय दुखापतीनंतर मेंदू त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, विशेषतः तो लांबलेला असताना. हे दडपण दुखणं गेलं तरी रेंगाळतं. दोन आठवडे पाय जपलात तर दुखणं जाईल, पण स्नायू लांबलेल्या स्थितीत कमजोरच राहील. आणि ताकद लागते नेमकी तिथेच.

मशीनचं थोडक्यात सांगते. आयएफटी (सौम्य विद्युतप्रवाहाचं मशीन), अल्ट्रासाऊंड, शेक यांनी काही जणांना तात्पुरतं बरं वाटतं. फाटलेला स्नायू त्यांनी लवकर जुळून येतो याचा भरवशाचा पुरावा नाही. ही मशीन माझ्याकडेही आहेत आणि कधीमधी मी ती वापरते, पण उपचाराचा कणा म्हणून नाही. आमच्या व्यवसायातली जुनी अडचण अशी की मशीन लावलं की पेशंटला काहीतरी झाल्यासारखं वाटतं, आणि नुसता व्यायाम शिकवला तर फी कशाची, असा चेहरा होतो. त्यामुळे ‘आणखी किती सिटिंग’ याला माझं उत्तर असं: त्याच प्रकारच्या असतील तर एकही नको.

मग काय करायचं? तिसरी दुखापत ताजी असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालिश नको, दारू नको, आणि ‘मोकळं करायला’ म्हणून जोरात स्ट्रेचिंग तर मुळीच नको. दाबपट्टी बांधा, दुखेल इतकं चालू नका, दुखणं सोसत नसेल तर थोडा वेळ बर्फ लावा. बर्फाने दुखणं कमी होतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हा, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राइस’ म्हटला जाणारा, मंत्र १९७८ साली गेब मर्किन या डॉक्टरांनी रूढ केला. बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं, असं पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं.

विश्रांती किती, यावर डेन्मार्कमधला एक अभ्यास मी पेशंटना आवर्जून सांगते. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू फाटलेले ५० हौशी खेळाडू त्यात होते. अर्ध्यांचा व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केला, उरलेल्यांचा नऊ दिवसांनी. व्यायामक्रम तोच. लवकर सुरुवात केलेले साधारण ६२ दिवसांत न दुखता खेळात परतले, उशिरा सुरू केलेल्यांना ८३ दिवस लागले. आठवडाभराच्या जास्तीच्या विश्रांतीची किंमत जवळजवळ तीन आठवडे. आणि चांगल्या व्यायामानंतरही दोन महिने लागले, हेही लक्षात घ्या. तुम्ही दोन आठवड्यांत उतरला होतात.

माझ्याकडे असा खेळाडू आला की आधी त्याला पालथं झोपवते आणि दुखऱ्या बाजूला हात लावण्याआधी चांगला पाय तपासते. नंतर दुखरा. बसायच्या हाडापासून बोटांनी दाबत खाली येते आणि दुखायला कुठे लागतं, कुठे थांबतं, याच्या पेनाने खुणा करते. त्या दोन खुणांमधलं अंतर आणि वरच्या खुणेचं हाडापासूनचं अंतर लिहून ठेवते. पुढच्या भेटींत ही पट्टी आखडत जायला हवी. दुखरी जागा हाडाच्या जितकी जवळ, तितका वेळ जास्त लागण्याची शक्यता असते. मग गुडघा थोडा वाकवून टाच माझ्या हाताविरुद्ध दाबायला सांगते. कित्येकदा दुखत काही नाही, पण पाय थरथरतो आणि दुसऱ्या पायाच्या मानाने लगेच सुटतो. ‘आता काही दुखत नाही’ म्हणून आलेल्यांनाही हा थरकाप दाखवला की पुढचं समजावायला फार बोलावं लागत नाही.

व्यायामाचा क्रम साधारण असा असतो. सुरुवातीला पाठीवर झोपून दोन्ही पायांचा ब्रिज (गुडघे वाकवून, टाचा टेकवून कंबर वर उचलणं), मग एका पायाचा. टाच जितकी लांब ठेवाल तितका स्नायू लांबलेल्या स्थितीत काम करतो, म्हणून आठवड्यागणिक टाच पुढे सरकवायची. त्याच्या जोडीला पाठीवर झोपून मांडी दोन्ही हातांनी सरळ उभी धरायची आणि गुडघा सावकाश सरळ करत न्यायचा, दुखायला लागण्याच्या अलीकडे थांबून परत यायचं. पुढे एका पायावर उभं राहून कमरेतून पुढे झुकणं, मागचा पाय हवेत. मग वजन घेऊन तेच. स्नायू लांबवत नेणाऱ्या अशा व्यायामांवर स्वीडनमध्ये वरच्या दर्जाच्या ७५ फुटबॉलपटूंचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. असे व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला परतले आणि नेहमीचे व्यायाम करणारे ५१ दिवसांत. हे आकडे स्वतःला जसेच्या तसे लावू नका. ते खेळाडू रोज देखरेखीखाली होते, तुमची ही तिसरी वेळ आहे.

‘व्यायाम करताना दुखलं तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंतचं दुखणं मी चालवून घेते, मात्र ते व्यायाम थांबल्यावर निवायला हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नको. एक थेंबही दुखता कामा नये असा जुना नियम होता. २०२० च्या एका चाचणीत चारपर्यंतचं दुखणं चालवून घेणारे आणि अजिबात न चालवून घेणारे असे दोन गट केले होते. परतायला दोघांना जवळपास सारखेच दिवस लागले, पण पहिल्या गटात ताकद जास्त चांगली भरून आली. भीतीने हातचं राखून केलेल्या व्यायामाचा फारसा उपयोग होत नाही, हे मी रोजच बघते. अचानक टोचल्यासारखं किंवा चिरल्यासारखं झालं तर मात्र तिथेच थांबायचं.

आता धावण्याबद्दल. हा भाग बहुतेकांकडून वगळला जातो आणि तुमच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. लंगडणं गेलं, भरभर चालणं जमलं की जॉगिंग. जॉगिंग निवांत जमलं की मैदानावर तीन टप्पे आखायचे: वेग घेण्यासाठी पट्टा, वेग टिकवण्यासाठी पट्टा आणि थांबण्यासाठी पट्टा. सुरुवातीला वेग घ्यायला आणि थांबायला भरपूर अंतर ठेवायचं, कारण झटक्याने सुटणं आणि झटक्याने थांबणं दोन्ही त्रासदायक. मग क्रमाने ५०, ६०, ७० टक्के. एका पायरीवर न दुखता, न अडखळता काही फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पाय ठीक राहिला, तरच पुढची पायरी. ८० नंतर पायऱ्या आणखी लहान करायच्या: ८५, ९०, ९५. मधले दिवस ताकदीच्या व्यायामाला. या टप्प्यात खेळाडू स्वतःचा वेग हमखास चुकीचा सांगतात. ‘नव्वद टक्क्यांनी धावलो’ म्हणणारा घड्याळावर ७५ ला असतो. म्हणून ठरावीक अंतराची वेळ मोजा, नाहीतर कुणालातरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. पूर्ण वेग आल्यावर वळणावर धावणं, चेंडूसह धावणं, दमलेलं असताना धावणं. सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत स्नायू थकलेला असतो, त्याची तयारी ताज्या पायांनी होत नाही.

मैदानावर कधी उतरायचं याला दिवसांपेक्षा निकष बरे. दाबून कुठेही दुखत नाही. दोन्ही पायांची लवचिकता सारखी. लांबलेल्या स्थितीत मोजलेल्या ताकदीत दोन पायांत १० टक्क्यांहून जास्त फरक नाही. वेगवेगळ्या दिवशी पूर्ण वेगाच्या धावा झाल्यात. संघाबरोबर काही पूर्ण सराव झालेत. शेवटी मी आणखी एक चाचणी घेते. पाठीवर झोपून, गुडघ्याला तो वाकू नये असा पट्टा लावून, पाय जमेल तितक्या झटक्याने वर उचलायचा. इथे फक्त दुखलं का एवढंच विचारून भागत नाही. ‘दुखलं नाही, पण जोर लावायला भीती वाटली’ असं उत्तर आलं, किंवा पाय वर जाताना मध्येच रेंगाळताना दिसला, तर मी त्याला अजून काही दिवस थांबवते. संघ व्यवस्थापक नाराज होतात, होऊ देत.

एमआरआय. साध्या, पहिल्या दुखापतीत मी सहसा सुचवत नाही. नीट विचारपूस आणि तपासणी झालेली असेल तर परतायला किती दिवस लागतील या अंदाजात एमआरआयने फारच थोडी भर पडते, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. पण तुमचं तिसऱ्यांदा त्याच जागी झालंय. कंडरेचा जो भाग स्नायूच्या आत शिरलेला असतो, तिथे फाटलं असेल तर भरायला वेळ जास्त लागतो आणि पुन्हा जाण्याचा धोकाही जास्त. ब्रिटिश ॲथलेटिक्सच्या २०१४ च्या वर्गीकरणात अशा दुखापतींना वेगळं अक्षर दिलंय ते यासाठीच. तेव्हा तुमच्या बाबतीत स्पोर्ट्स मेडिसिनच्या किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी बोलून एमआरआय काढणं मला वाजवी वाटतं. मात्र अहवालातली ‘ग्रेड’ वाचून परतायची तारीख ठरवू नका.

पीआरपीवर मी खर्च करायला सांगणार नाही. नेदरलँड्समध्ये हॅमस्ट्रिंगच्या ताज्या दुखापतीच्या ८० खेळाडूंना कुणाला पीआरपी आणि कुणाला साध्या सलाइनचं इंजेक्शन दिलं होतं. दोन्ही गटांत परतायला सारखेच, मधल्या आकड्याने ४२ दिवस लागले. हा अभ्यास २०१४ चा. इंजेक्शनचा एक आडपरिणाम मात्र मी नेहमी बघते: ते घेतलं की व्यायामात ढिलाई येते.

आता काही गोष्टी अशा की त्या असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं. दुखापतीच्या वेळी मोठा आवाज, बसायच्या हाडाजवळ भलामोठा काळानिळा डाग, बसताही न येणं आणि पाय मागे ओढायची ताकदच न उरणं: इथे कंडरा हाडापासून सुटलेली असू शकते, आणि शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत सोपी जाते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये याच जागी हाडाचा तुकडाच उपटून येऊ शकतो, म्हणून त्यांना एक्स-रे हवाच. पोटरी दुखतेय, सुजलीय, गरम लागतेय आणि तशी दुखापत आठवत नाही, तर रक्ताची गुठळी नाही ना हे आधी बघायचं. मांडीच्या पुढच्या बाजूला जोरदार मार बसून गाठ आली असेल तर ती चोळायची नाही, चोळल्याने स्नायूत हाड तयार होण्याचा धोका वाढतो.

आणि एक शक्यता तुमच्यासाठी. ‘टक्’ झाल्याचं तुम्हाला तिन्ही वेळा स्पष्ट आठवतंय का? कधी कधी पहिली दुखापत खरी असते आणि नंतरचं दुखणं कमरेतून, मज्जातंतूच्या ताणामुळे येत असतं. खूप वेळ बसल्यावर मांडीमागे ओढ येते, मान खाली घातली की वाढते, दाबून मात्र नेमकी जागा सापडत नाही, असं असेल तर कंबर तपासून घ्या. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती बऱ्याचदा राहून जाते.

फिजिओथेरपिस्टकडे आता जाल तेव्हा रोजची सिटिंग मागू नका. आठवड्यातून एकदा-दोनदा भेट पुरते, पण दर भेटीत ताकद मोजली जावी, व्यायाम वाढवले जावेत आणि निदान एकदा तरी त्यांनी तुम्हाला धावताना बघावं. मधल्या दिवसांचं काम तुमचं.

परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, म्हणून व्यायाम तिथे संपत नाही. नॉर्डिक नावाचा व्यायाम तोपर्यंत तुमच्या हाताशी आलेला असायला हवा. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि कंबर न मोडता जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जमिनीकडे जायचं. डेन्मार्कमधल्या ५० संघांच्या ९०० हून जास्त फुटबॉलपटूंवर तो दहा आठवडे करून पाहिला होता, अभ्यास २०११ चा. नव्या दुखापती ६० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या, आणि आधी दुखापत झालेल्यांत ती पुन्हा होण्याचं प्रमाण तर सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं. तुम्ही या दुसऱ्या गटातले. सुरुवात आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोन सेट इतकीच करा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस मांड्या चांगल्याच आखडतील, म्हणून सामन्याच्या आधीच्या दोन दिवसांत तो नको. सराव संपल्यावर, आठवड्याच्या सुरुवातीला करा. मोसमभर चालू ठेवा, आणि ज्या आठवड्यात सामना नसेल त्यात चार-सहा पूर्ण वेगाच्या धावा मुद्दाम काढा, नाहीतर पुढच्या सामन्यातली पहिली खरी धाव पुन्हा बिनसरावाची होईल.